सुट्या शर्यती : गुणतक्त्याबाहेरच्या इतिहासाचे वाचन

फॉर्म्युला वन या एकआसनी मोटारींच्या जागतिक अजिंक्यपदाचा १९८१ सालचा निकाल पुस्तकांत असा नोंदवलेला आहे : ब्राझीलचा नेल्सन पिके ५० गुण, अर्जेंटिनाचा कार्लोस रॉयटमन ४९ गुण. त्या वर्षी सर्वांत आधी झालेली शर्यत मात्र या बेरजेत नाही. ७ फेब्रुवारी १९८१ रोजी दक्षिण आफ्रिकेत कायलामी येथे ती झाली. रॉयटमन पहिला आला, पिके दुसरा. त्या काळच्या पद्धतीने पहिल्याला ९ आणि दुसऱ्याला ६ गुण मिळत. ते धरले असते तर बेरीज ५८ विरुद्ध ५६ अशी झाली असती आणि अजिंक्यपद दुसऱ्याच माणसाच्या नावावर लागले असते. शर्यत झाली, लोकांनी पाहिली, निकाल लागला. पण ती धरली गेली नाही.

न धरलेल्या अशा शर्यतींची एक मोठी परंपरा मोटार क्रीडेत होऊन गेली. त्यांना ‘बिगर-अजिंक्यपद शर्यती’ म्हणतात. हा शब्द त्या काय नव्हत्या एवढेच सांगतो. या लेखापुरते मी त्यांना ‘सुट्या शर्यती’ म्हणेन. ‘सुटी’ म्हणजे सुट्टीची नव्हे. सुटे पैसे, सुटी पाने, सुटी कथा या अर्थाने सुटी. साहित्याला वाहिलेल्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. बुलडाणा जिल्ह्यातल्या वाचकाला तरी तो फार दूरचा वाटू नये. एका माणसाने हाकायचे हलके वाहन, एक दिवस, एक मैदान आणि पुढच्या कोणत्याही बेरजेत न जाणारा निकाल हे सगळे विदर्भातल्या शंकरपटाच्या रूपाने आपल्या दारात आहे. आणि सुट्या कामगिरीचे मोल कसे करायचे, हा प्रश्न दिवाळी अंकाच्या वाचकालाही टाळता येणार नाही. आधी मोटारींचे पाहू, मग पटाकडे आणि अखेरीस आपल्या वाङ्मयाकडे येऊ.

१

जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन येथे झाली. त्या वर्षी अजिंक्यपदासाठी धरलेल्या शर्यती फक्त ७ होत्या, आणि त्यांतली एक अमेरिकेतली इंडियानापोलिसची. फॉर्म्युला वनच्या नियमांखाली त्या वर्षी झालेल्या निम्म्याहून अधिक शर्यती या ७ जणींच्या बाहेरच्या होत्या. फ्रान्समधले पो, सिसिलीतले सिराकुझा, इंग्लंडमधले गुडवुड अशा गावांची स्वतःची मैदाने, स्वतःचे करंडक, स्वतःचा प्रेक्षक होता. आयोजक चालकांशी आणि मालकांशी वेगवेगळा सौदा करत. नुसते सुरुवातीच्या रांगेत उभे राहण्याचेही पैसे मिळत. अजिंक्यपद हा त्या मोठ्या जत्रेतला एक तंबू होता. जत्रा म्हणजेच तो तंबू, असे पुढे झाले आणि मागचा इतिहासही त्याच तंबूतून पाहिला जाऊ लागला.

यामुळे इतिहासाच्या तारखा कशा सरकतात याचे चांगले उदाहरण सिराकुझाचे आहे. ऑक्टोबर १९५५ मध्ये तिथे झालेल्या शर्यतीत कॉनॉट नावाच्या एका लहान, कायम पैशांच्या ओढीत असलेल्या इंग्रज कारखान्याची गाडी उतरली. चालक टोनी ब्रुक्स, वय २३, मँचेस्टरला दंतवैद्यकाचा विद्यार्थी. फॉर्म्युला वनची गाडी त्याने त्याआधी कधी चालवली नव्हती. समोर मासेराती कारखान्याच्या गाड्या, मैदान इटलीचे, प्रेक्षक त्यांचे. ब्रुक्सने ७० फेऱ्यांची ती शर्यत जिंकली. मासेरातीचा लुइगी मुस्सो सुमारे पाऊण मिनिटाहून अधिक मागे राहिला. इंग्रज गाडीत बसून इंग्रज चालकाने ग्रां प्री जिंकण्याची घटना १९२४ नंतर प्रथमच घडत होती. त्या प्रवासात हा मुलगा विमानात परीक्षेचा अभ्यास करत होता, ही गोष्ट पुढे पुष्कळ सांगितली गेली.

आता गुणतक्ता काय सांगतो? त्याच्या मते इंग्रज गाडीचा पहिला विजय २० जुलै १९५७ चा, एन्ट्री येथील, व्हॅनवॉल गाडीचा. ती गाडी ब्रुक्स आणि स्टर्लिंग मॉस यांनी मिळून चालवली होती. तारीख खरी आहे, विजयही मोठा आहे. परंतु इटालियन गाड्यांना हरवता येते, हे १९५७ मध्ये कळले नाही. ते १९५५ मध्ये सिसिलीत कळले होते. आणि ज्यांनी ते दाखवले तो कॉनॉट कारखाना १९५७ सालीच शर्यतींतून उठला. तक्त्यावरून इतिहास लिहिणारा वळणाची जागा दोन वर्षे पुढे ढकलतो आणि वळण घेणाऱ्याचे नाव गाळतो.

दुसरे उदाहरण त्याच गावचे. इटलीचा जानकार्लो बागेत्ती हा अजिंक्यपदाच्या आपल्या पहिल्याच शर्यतीत जिंकलेला चालक म्हणून प्रसिद्ध आहे. जुलै १९६१, फ्रान्समधले रँस. वाचणाऱ्याला वाटते, हा कोण नवखा आकाशातून पडला! खरे पाहता त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो सिराकुझाची सुटी शर्यत जिंकला होता, मग नेपल्सची. रँसला तो आला तेव्हा फॉर्म्युला वनमधल्या लागोपाठ दोन विजयांची शिदोरी त्याच्या गाठीला होती. तक्त्याने आधीची दोन पाने फाडली म्हणून तिसरे पान चमत्कारासारखे दिसते.

२

माणसाच्या मोलाचेही असेच होते. स्टर्लिंग मॉस याला अजिंक्यपद कधीच मिळाले नाही. १९५५ ते १९५८ अशी सलग चार वर्षे तो दुसरा आला. १९५८ मध्ये तर एका गुणाने. अजिंक्यपदाच्या तक्त्यात त्याचे १६ विजय आहेत. पण त्याने आयुष्यात सर्व प्रकारच्या मिळून ५२९ शर्यती केल्या आणि २१२ जिंकल्या, असा त्याचा सर्वमान्य हिशेब आहे. म्हणजे तक्त्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याला त्याच्या विजयांतले तेरातले बाराहून अधिक दिसतच नाहीत. मॉससाठी शर्यत ही शर्यत होती. ती कुठे धरली जाणार आहे यावर त्याचा वेग ठरत नव्हता.

याची किंमतही त्याने अशाच शर्यतीत मोजली. २३ एप्रिल १९६२, ईस्टरचा सोमवार, गुडवुड येथील ग्लव्हर करंडक. या निकालाला कोणतेही गुण नव्हते. गाडी अडखळल्यामुळे मॉस मागे पडला होता. जिंकण्याची आशा उरली नव्हती. तरीही तो पुरत्या वेगाने जात होता आणि त्यातच त्याची लोटस गाडी मातीच्या बांधावर आदळली. तो महिनाभर बेशुद्ध होता, शरीराची एक बाजू सहा महिने लुळी होती, आणि वरच्या पातळीवरची त्याची कारकीर्द तिथेच संपली. शर्यत ग्रॅहॅम हिलने जिंकली.

‘ज्याला काही किंमत नव्हती अशा शर्यतीत एवढा मोठा चालक संपला’ असे या प्रसंगाबद्दल हळहळून म्हटले जाते. मला हे वाक्य तपासून पाहण्यासारखे वाटते. ‘किंमत नव्हती’ म्हणजे गुण नव्हते. मैदानात जमलेल्या हजारो माणसांना ती शर्यत बिनकिमतीची वाटली असती तर ती आली नसती. मॉसला वाटली असती तर तो हरलेल्या शर्यतीत त्या वेगाने गेला नसता. किंमत आणि गुण हे दोन शब्द इथे नकळत एक झाले आहेत. ते पुन्हा वेगळे करणे हे समीक्षेचे पहिले काम आहे.

३

आता पुन्हा कायलामीकडे येऊ. ती शर्यत न धरली जाण्याचे कारण पाऊस किंवा पंचांची चूक नव्हते. भांडण सत्तेचे होते. एका बाजूला मोटार क्रीडेची नियामक संस्था ‘फिसा’ आणि तिचे फ्रेंच अध्यक्ष झाँ-मारी बालेस्त्र. दुसऱ्या बाजूला मुख्यतः इंग्रज संघांची संघटना ‘फोका’ आणि तिचे पुढारी बर्नी एकलस्टन. वरकरणी वाद गाडीच्या झालरींचा होता. त्या काळच्या गाड्यांचा तळ असा घडवलेला असे की खालून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी व्हावा आणि गाडी रस्त्याला ओढली जावी. ही ओढ टिकावी म्हणून गाडीच्या दोन्ही कडांना जमिनीपर्यंत पोचणाऱ्या, वरखाली सरकणाऱ्या झालरी लावत. त्यामुळे वळणावरचा वेग फार वाढला आणि झालर अडकली तर गाडी एकाएकी सुटे. फिसाने त्यांवर १९८१ पासून बंदी घातली. आतला वाद पैशांचा होता : दूरचित्रवाणीचे आणि मैदानांचे उत्पन्न कुणाच्या हातात असावे?

कायलामीच्या आयोजकांनी तारीख बदलली नाही. फिसाने त्या तारखेला अजिंक्यपदाची मान्यता नाकारली. फेरारी, रेनॉ, आल्फा रोमिओ, लिजिए हे संघ आलेच नाहीत. उरलेल्यांनी झालरी लावून, खुल्या नियमांखाली शर्यत केली. मार्च १९८१ मध्ये दोन्ही पक्षांत तह झाला. तो ‘कॉन्कॉर्ड करार’ म्हणून ओळखला जातो. नियम फिसाचे, व्यवहार एकलस्टन यांच्याकडे आणि अजिंक्यपदाच्या प्रत्येक शर्यतीला हजर राहणे संघांना बंधनकारक, अशी त्याची ढोबळ वाटणी. फेब्रुवारीतली शर्यत या तहात कुणालाच नको होती.

१७ ऑक्टोबर १९८१ रोजी लास वेगास येथे शेवटची शर्यत झाली. रॉयटमन सर्वांत पुढच्या जागेवरून निघाला आणि आठवा आला. पिके पाचवा आला, २ गुण मिळवले आणि एका गुणाने विजेता ठरला. तेव्हापासून ‘कायलामी धरली असती तर’ हे वाक्य रॉयटमनच्या नावाला चिकटले आहे. पुढे तो आपल्या सांता फे प्रांताचा राज्यपाल झाला, सिनेटर झाला आणि २०२१ मध्ये वारला. ते वाक्य शेवटपर्यंत सोबत राहिले.

हे वाक्य सहानुभूतीचे आहे, पण टिकणारे नाही. गाड्यांचे नियम वेगळे होते. महत्त्वाचे चार संघ गैरहजर होते. शिवाय फेब्रुवारीतले ९ गुण खिशात असलेला रॉयटमन आणि नसलेला रॉयटमन लास वेगासला एकाच तऱ्हेने हाकला असता असे धरता येत नाही. एक आकडा बदलला की पुढची सगळी माणसे बदलतात. त्यामुळे ‘खरा विजेता तोच’ हा दावा करता येत नाही.

त्याहून मोठी अडचण दुसरी आहे. कायलामी धरावी म्हणणारे आणि धरू नये म्हणणारे, दोघेही एकाच रकान्याकडे बघत आहेत. त्यांच्या वादात शर्यत कुठेच नाही. ती कशी झाली? सुरुवातीला रस्ता ओला होता. ओल्या रस्त्यासाठी खाचांचे टायर असतात, ते पाणी बाहेर फेकतात. कोरड्यासाठी गुळगुळीत, कारण त्यांचा सगळा पृष्ठभाग रस्त्याला चिकटतो. बहुतेकांनी खाचांचे टायर लावले. रॉयटमनने गुळगुळीत लावले. ओल्या रस्त्यावर असे टायर म्हणजे आधी वेळ गमावण्याची, घसरण्याची तयारी. ७७ फेऱ्यांत रस्ता कधीतरी वाळेल, हा त्याचा अंदाज. रस्ता वाळला. इतरांना टायर बदलायला थांबावे लागले, त्याला नाही. उशिरा फळ देणाऱ्या निर्णयावर, आधीचे नुकसान सोसत, शांतपणे टिकून राहण्याची ही कला आहे. पावसाचा अंदाज बांधून पेरणी करणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही. कायलामीचे मोल करायचे तर इथे करायला हवे. ९ गुणांच्या हळहळीत नेमकी हीच गोष्ट झाकली गेली.

४

तक्त्याला एवढे वजन का येते? त्याचे एक कारण कथनाचे आहे. तक्ता कथानक तयार करून देतो. कोण पुढे, कोण मागे, किती अंतर, शेवटी काय. १९७६ चे अजिंक्यपद जेम्स हंटने निकी लाउडावर ६९ विरुद्ध ६८ असे एका गुणाने मिळवले आणि त्यावर २०१३ मध्ये ‘रश’ हा गाजलेला चित्रपट निघाला. त्याचा सगळा ताण त्या एका गुणावर उभा आहे. त्याच वर्षी हंट ब्रँड्स हॅच आणि सिल्व्हरस्टोन येथील दोन सुट्या शर्यतीही जिंकला होता. पण त्या कथानकात कुठे बसवणार? त्यांनी बेरीज पुढे सरकत नाही.

आपल्या परिभाषेत सांगायचे तर अजिंक्यपद ही कादंबरी आहे आणि सुटी शर्यत ही कथा. कादंबरीतले प्रकरण मागच्या-पुढच्यांच्या आधारावर उभे राहते. एखादे प्रकरण सैल असले तरी निभावते. अजिंक्यपदाच्या शर्यतीतही चालक पुष्कळदा तिसरा येण्यात समाधान मानतो, कारण त्याला ४ गुण पुरे असतात. कथेला ही सोय नाही. तिने आपल्याच पानांत उभे राहायचे असते. सुट्या शर्यतीत ‘पुरेसे गुण’ ही गोष्टच नसते. ती जिंकायची तरी असते, नाहीतर तिथे काहीतरी नवे करून पाहायचे असते. म्हणून नवखे चालक, नवी यंत्रे, लहान कारखाने यांना जागा मिळाली ती तिथे. ब्रुक्स आणि कॉनॉट हे सुट्या शर्यतीचेच अपत्य.

भारतातही याची एक आठवण आहे. चेन्नईजवळ शोलावरम येथे जुन्या लष्करी धावपट्टीवर कित्येक वर्षे मोटार शर्यती झाल्या. विजय मल्ल्या यांनी तिथे एन्साइन ही एकेकाळची फॉर्म्युला वन गाडी चालवली होती. जगाच्या कोणत्याही तक्त्यात त्यांतले काही नाही. आपल्या देशाचा फॉर्म्युला वनशी संबंध २०११ ते २०१३ या तीन वर्षांच्या ग्रेटर नोएडाच्या शर्यतींपासून मोजला जातो, तोही तक्त्यामुळेच.

५

आता आपल्या भागात येऊ. सुगी आटोपली, थंडी पडली की विदर्भात पट भरतात. हलकी, एका माणसापुरती गाडी, तिच्यावर धुरकरी, पुढे बैलांची जोडी. कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, कुठे एकेक जोडी घड्याळाशी पळते. एका गावच्या पटाचे गुण दुसऱ्या गावच्या पटात जात नाहीत. वर्षाअखेर बेरीज नाही. ज्या दिवशी जो पळाला त्या दिवशी तो मोठा. मोटार क्रीडेने १९५० नंतर हळूहळू जे गमावले, ते पटाने फारसा विचार न करता सांभाळले होते.

याचे गोडवे गाण्याआधी दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. पहिली अशी की गुण नव्हते म्हणजे हिशेब नव्हता असे नाही. पटात पळालेल्या जोडीची किंमत वाढते, बक्षिसे असतात, पैजाही लागतात. दुसरी अधिक गंभीर. मोटारीला वेदना नसते, बैलाला असते. तुतारीची टोच, शेपटी पिरगाळणे आणि त्याहून वाईट प्रकार यांवरचे आक्षेप खोटे नव्हते.

या आक्षेपांतून जे घडले त्याचा क्रम असा : ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने खेळासाठी प्रशिक्षण देण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हा त्या निकालातला एक मुख्य मुद्दा होता. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला. मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शर्यती घेण्यास अटकाव केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले.

या शेवटच्या निकालातला एक धागा आपल्या विषयाचा आहे. असा खेळ त्या राज्याच्या संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे की नाही, हे ठरवायला तपशीलवार सामाजिक आणि सांस्कृतिक अभ्यास लागतो, आणि तो न्यायालयाने करण्याजोगा नाही, अशी भूमिका घटनापीठाने जल्लीकट्टूच्या संदर्भात घेतली. विधिमंडळाने जे ठरवले ते मान्य केले. मग तो अभ्यास करायचा कुणी? आणि कशाच्या आधारावर? मोटारींच्या सुट्या शर्यती तक्त्याबाहेर राहिल्या तरी त्यांच्या फेऱ्या, वेळा, गाड्या, हवामान लिहून ठेवलेले होते. म्हणून आज ५८ आणि ५६ ही बेरीज तरी करता येते. सिराकुझाची दोन वर्षे परत मागता येतात. पटाचे तसे नाही. कोणत्या गावी, कोणत्या साली, किती अंतराचा पट, कोणती जोडी, धुरकरी कोण, वेळ किती, बैलाला इजा झाली का, हे बहुतेक तोंडी राहिले. जुन्या माणसांबरोबर ते जाते. ‘शेकडो वर्षांची परंपरा’ म्हणणारा आणि ‘निव्वळ क्रौर्य’ म्हणणारा, दोघेही पुराव्याशिवाय बोलत राहतात, कारण पुरावा ज्या गोष्टीचा असायचा ती कुणी नोंदवण्यालायक मानलीच नाही.

दरम्यान तक्ता इकडेही येतो आहे. पश्चिम महाराष्ट्रात ‘हिंदकेसरी’सारखी बिरुदे कुस्तीच्या आखाड्यातून बैलगाड्याच्या मैदानात आली. ट्रॅक्टर, मोटारी, जेसीबी अशी बक्षिसे लागली. मैदाने मोठी झाली. यात सगळेच वाईट नाही. नियम, पशुवैद्य, देखरेख हे मोठ्या मैदानात सोपे जाते. पण मोठ्या मैदानाची गणना सुरू झाली की लहान गावचा पट ‘सरावाचा’ होतो, मग ‘कशाला’ होतो, मग बंद पडतो. मोटारींचे हेच झाले.

६

वाङ्मयाचा इतिहासही आपण बहुतांशी तक्त्यावरूनच लिहितो. त्याचा तक्ता म्हणजे पुस्तक आणि पुरस्कार. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे उदाहरण घ्या. कोशातली नोंद अशी वाचायला मिळते : पहिला संग्रह ‘शीळ’, १९५४, ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार. ही नोंद बरोबर आहे. पण ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून महाराष्ट्रभर गेली ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, संग्रहाच्या सुमारे वीस वर्षे आधी. मराठी भावगीताच्या वाटचालीत त्या ध्वनिमुद्रिकेचे स्थान मोठे आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तरुण वकिलाची सुटी कविता आधी लोकांच्या ओठांवर गेली आणि मग दोन दशकांनी तक्त्यात आली. संग्रहाच्या सालावरून कालखंड पाडणाऱ्याच्या हातून ही वीस वर्षे सुटतात, जशी सिराकुझाची दोन सुटली.

ना. घं.चा संग्रह निघाला तरी. ज्यांचा निघालाच नाही त्यांचे काय? का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून शंभराहून अधिक दिवाळ्या झाल्या. दर वर्षी शेकडो कथा छापल्या जातात. त्यांतल्या किती संग्रहात येतात? कितीतरी लेखकांनी आयुष्यात तीन-चारच चांगल्या कथा लिहिल्या, त्या तीन-चार अंकांत आल्या, रद्दीत गेल्या. ‘अमुक यांचा एकही संग्रह नाही’ हे वाक्य आपण ‘अमुक यांनी फारसे लिहिले नाही’ या अर्थाने वापरतो. मॉसच्या १६ विजयांसारखेच हे. कथा वाचून तिचे मोल करण्याऐवजी ती कुठे धरली गेली हे आपण आधी पाहतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल : निवड करावीच लागते, सगळेच सुटे जपता येत नाही, आणि पुष्कळ सुटे गळून जाण्याच्याच लायकीचे असते. खरे आहे. सुट्या शर्यतींतही कंटाळवाण्या पुष्कळ होत्या. काही जिवावरच्या होत्या. अजिंक्यपदाच्या विजयोत्सवासाठी म्हणून २४ ऑक्टोबर १९७१ रोजी ब्रँड्स हॅच येथे भरवलेल्या सुट्या शर्यतीत स्वित्झर्लंडचा जो सिफर्ट जळत्या गाडीत गेला. तेव्हा जुने ते सोने असे म्हणायचे नाही. म्हणायचे एवढेच की निवड वाचून व्हावी. तक्त्यात आहे म्हणून ठेवले आणि नाही म्हणून टाकले, याला निवड म्हणत नाहीत.

७

फॉर्म्युला वनची शेवटची सुटी शर्यत १० एप्रिल १९८३ रोजी ब्रँड्स हॅच येथे झाली. ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’ असे तिचे नाव. १९६५ पासून ती भरत असे. १३ गाड्या आल्या. ४० फेऱ्या. विल्यम्स गाडीतला केके रोसबर्ग आणि टायरल गाडीतला, वरच्या पातळीवर नवखा असलेला अमेरिकन डॅनी सुलिव्हन यांच्यात शेवटपर्यंत झुंज लागली. टायर झिजलेले असताना रोसबर्गने अर्ध्या सेकंदाच्या फरकाने ती राखली. जिंकूनही त्याला एकही गुण मिळाला नाही आणि हरून सुलिव्हनचे काही गेले नाही. तरी दोघेही जीव तोडून पळाले. पुढच्या वर्षी ती भरली नाही. बंदी कुणी घातली नव्हती. वेळ, पैसा आणि करार यांत तिला जागा उरली नव्हती. अजिंक्यपदाच्या शर्यती वाढत गेल्या. १९५० मध्ये ७ होत्या, २०२४ मध्ये २४ झाल्या.

बंदी येते तेव्हा निदान आरडाओरडा होतो, खटले चालतात, निकालपत्रे उरतात. जागाच संपते तेव्हा काहीच उरत नाही. पटाला पहिला धोका होता तो २०२३ मध्ये टळला. दुसरा अजून आहे.

म्हणून एक साधे काम सुचवतो. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी, वाचनालयांनी, जमेल त्या हौशी माणसांनी दोन वह्या घालाव्यात. एका वहीत पट : गाव, तिथी, अंतर, जोड्यांची नावे, धुरकरी, वेळ, बैलांची अवस्था, बंद पडला असेल तर कोणत्या साली आणि का. कौतुकाचे आणि आक्षेपाचे, दोन्ही. दुसऱ्या वहीत कथा आणि कविता : जिल्ह्यातल्या लेखकांच्या, अंकांत आलेल्या, पुस्तकात न आलेल्या. अंक, साल, पान आणि वाचून दोन ओळी अभिप्राय. यातून कुणाला अजिंक्यपद मिळणार नाही. पण उद्या कुणी विचारील की या भागात काय होते, तर कायलामीच्या शर्यतीसारखी निदान बेरीज तरी करून पाहता येईल.